ओली घडी

रविवार उजाडतो. मी कूस बदलतो, आज तासभर तरी कोणी उठवणार नाही अशी मनाची समजूत घालतो, आणि तेवढ्यात कुंपणापलीकडून हाक येते, "सर! डावी बाजू!"

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे. आठवडाभर खिचडी चाखून बघायची, पोरांची आधार कार्डं जुळवायची, कुठले कुठले फोटो कुठे कुठे पाठवायचे आणि वेळ उरलाच तर शिकवायचं, अशी ही नोकरी. शनिवारी संध्याकाळी घरी येतो तो माणूस नसतो, नुसता डबा आणि पिशवी असते. हे सगळं मी एकदा हात जोडून देवरावजींना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर आहे जी तुमचं. तुम्ही थकले. पण कापडाले काय मालूम का सर थकले?" मी चपला घातल्या आणि गेलो. तेव्हापासून जातोच आहे.

देवरावजी उगेमुगे हे वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेतले आमचे सख्खे शेजारी. वीज मंडळातून रिटायर झालेले, अंगाने काटकुळे, बारा महिने बंडीत. मुलगी नागपूरला दिलेली. बायको विमल वारली ती आम्ही इथे घर बांधायच्या आधी, त्यामुळे त्या बाईंना आम्ही कधी पाहिलं नाही. आता घरात देवरावजी आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची गाडी, एवढाच संसार.

गाडी हिरवी, लांबोळकी, दोन दारांची आणि विलायती. एका जिनिंगवाल्या शेठजींच्या गोदामात ती सरकीखाली पडलेली होती, तिथून देवरावजींनी तिला उचलून आणलं असं गल्लीत सांगतात. तिला पत्र्याचं टप नाही. लोखंडी कमानींवर ताणलेलं जाड कापड आहे, ते हवं तेव्हा मागे घडी करून ठेवता येतं. यालाच हूड म्हणतात. आणि या हुडापायी माझे सगळे रविवार गेले, कारण तो एकट्याने उचलायचा नसतो. एका अंगाने ओढला की कमान वाकते. दोन्हीकडून दोघांनी, एका दमात उचलावा लागतो. उजवी बाजू देवरावजींची. डावी कोणाची, ते वाचकांच्या ध्यानात आलंच असेल.

हुडाची आंघोळ रिठ्याच्या कोमट पाण्याने होते. साबण वर्ज्य. "साबणानं शिवण सडते." घासायला दाढीचा ब्रश, आणि तोही पुढून मागे, एकाच दिशेने. मी एकदा उलटा फिरवला, तर हातातून ब्रश काढून घेतला. मग शिवणींवर मेण चोळायचं. मागच्या प्लास्टिकच्या काचेला टूथपेस्ट लावून मऊ फडक्याने पुसायची, म्हणजे पिवळी पडत नाही. स्वतः देवरावजी निंबाच्या काडीने दात घासतात. मी विचारलं, काका, पेस्ट गाडीला आणि काडी तुम्हाला, हा काय न्याय? तर म्हणाले, "माहे दात पडले तं नवे बसवून भेटते. ही काच कोण देईन?"

कुठे फाटलं की दाभण आणि मेणाचा दोरा घेऊन स्वतः ठिगळ लावतात. ठिगळाचं कापडही ऐरंगैरं चालत नाही. वडनेरला त्यांचा साळा शेती करतो, त्याच्याकडून कापसाच्या गाडीवरची जुनी ताडपत्री मागवतात, आणि ती उन्हापावसात चांगली मुरलेली हवी. "नवं ठिगळ जुन्या कापडाले ओढते," असं त्यांचं म्हणणं.

पण सगळ्यांत वरचा नियम एकच, आणि तो दर रविवारी ऐकावा लागतोच. "ओली घडी घालू नये." ओला हूड दुमडला की आतून बुरसतो, घडीवर कुजतो आणि तिथेच फाटतो. नियम शास्त्रशुद्ध आहे, माझी काही तक्रार नाही. पण देवरावजी तो साऱ्या जगाला लावतात. लोकांच्या घरी गेले की भिंतीवरचे फोटो बघत नाहीत, घडीचे कपडे हुंगतात. एकदा आमच्याकडे चहा पिता पिता दिवाणावरच्या चादरीला नाक लावलं आणि माझ्या बायकोला म्हणाले, "सूनबाई, ओली घडी घातलती काय? वास येऊन राह्यला." त्यानंतर बरेच दिवस त्यांना आमच्याकडे चहा मिळाला नाही. त्यांना ते कळलंही नाही, ते पाणी पिऊन जायचे.

एकदा गल्लीतल्याच एका लग्नाच्या वरातीला लोकांनी गाडी मागितली. देवरावजींनी नवरदेवाला समोर बसवून पोरगी द्यायची असल्यासारखं तपासलं. फवारे मारणार नाई ना? गुलाल? आतषबाजी किती दूर? शेवटी तो बिचारा मोटारसायकलवर गेला आणि सुखात आहे.

असा हा माणूस, पण त्याच्या हुडावर एक डाग होता. डावीकडे, बाजूच्या सीटच्या बरोबर वर, वीतभर लांब काळी बुरशीची रेघ. बाकी हूड लख्ख आणि मधेच ही रेघ. ब्रश तिथे आला की थांबायचा, वळसा घालून पुढे जायचा. माझ्या बायकोने चांगुलपणाने सांगितलं, काका, लिंबू-मीठ चोळा, निघून जाईल. तिच्यावर असे खेकसले, "हात नोका लावू तिले!" बायको म्हणाली, चादरीचा वास येतो आणि स्वतःचा डाग दिसत नाही. मलाही ते पटलं होतं.

यंदाच्या मे महिन्यात, शाळेला सुट्टी पण हुडाला नाही अशा दिवसांत, तो हूड गेला. नेहमीसारखे आम्ही दोन बाजूंना उभे होतो, देवरावजी म्हणाले, "एक, दोन, वर!" आणि टर्र करून आवाज झाला. कापड त्या काळ्या रेघेवरच फाटलं होतं, आरपार. मला वाटलं, आता माझ्या डाव्या हाताचा उद्धार होणार. पण ते फाटलेल्या जागी दोन बोटं घालून उभे राहिले.

वर्ध्याहून सीट-हूडवाला बोलावला. त्याने कापड चिमटीत धरून पाहिलं आणि सांगितलं, "काका, याच्यात आता सुई धरत नाई. नवा शिवा लागते. जुना मले द्या, उकलून तुकडे वेगळे करतो, त्याच्यावरून माप कापतो." नागपूरच्या मुलीने फोनवरच होकार देऊन टाकला. कमानींवरून हूड काढून ठेवायचा, रविवारी हूडवाला तो न्यायला येणार, असं ठरलं. मी मनातल्या मनात हिशेब केला, नवा हूड येईपर्यंत तरी आपल्याला रविवारचीही सुट्टी.

तो रविवार आला. हाक आली नाही. मी नेहमीच्या वेळेला टक्क जागा. या कुशीवर, त्या कुशीवर. बायको म्हणाली, "झोपा ना, मेली इतकी वर्षं झोपेसाठी रडता." झोप काही येईना. शेवटी चिडून उठलो, चपला घातल्या आणि न बोलावता गेलो.

अंगणात बाजेवर हूड पसरलेला होता. रिठ्याने धुतलेला, अगदी स्वच्छ. मला हसूच आलं. "काका, तो तर उकलून फाडणार आहे. धुतला कशाला?"

"मळका काऊन द्यावा जी," ते म्हणाले. मग बाजेच्या कडेला बसले आणि त्या काळ्या रेघेवरून बोट फिरवत राहिले.

"आमच्या विमलले बंद गाडी लागे," ते म्हणाले. "एसटीत बसली का वडनेर येईपर्यंत उलट्या. माहेरी जाचं नाव काढलं का पोरगी खुश आन् विमल रडकुंडीले. म्हून तं ही गाडी आणली. लोकं म्हणत, देवरावले शौक आला. शौक कायचा बाप्पा!"

मी बाजेच्या दुसऱ्या कडेला बसलो.

"मंग आजारी पडली. सावंगीच्या दवाखान्यात नेणं-आणणं. शेवटच्या खेपेले डॉक्टरनं मले बाजूले घेतलं. म्हणे, आता घरी न्या, आवडीचं खाऊ घाला. बाहेर निघालो तं पाऊस येऊन गेलता, हूड चिंब. थे आत बसली आन् म्हणे, वरचं काढा, मले कोंडल्यावानी होऊन राह्यलं." ते माझ्याकडे वळले. "मी काय म्हटलं असन, सर?"

मला माहीत होतं.

"म्हटलं, ओली घडी घालत नसते विमल, वाळू दे. फाटकाजवळ झाडाखाली थांबून राह्यलो आम्ही. हूड वाळाची वाट पाहत! डॉक्टरनं जे सांगतलं थे कानात आहे, आन् मी हूड चाचपून राह्यलो. मंग विमल म्हणे, तुमचं कापड वाळेपर्यंत मी राह्यतो काय?"

मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. दोन्ही एकदमच झालं.

"उतरली खाली. हाताले सलाईनची पट्टी. म्हणे, धरा तुमची बाजू, मी डावी धरतो. दोघांनी घातली घडी, ओलीच. घरापर्यंत तोंड वर करून हासत आली. त्याच्यानंतर गाडी निघाली नाई. तिची तेरवी झाल्यावर हूड उघडला, तं तिनं धरलतं तिथं ही रेघ."

ऊन अंगणात उतरलं होतं. वर्ध्याचं मे महिन्याचं ऊन, सकाळी आठलाच चटके देणारं. देवरावजींनी बंडीने तोंड पुसलं, उठले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "चला सर. डावी बाजू."

लुगड्याची घडी घालतात तसे आम्ही समोरासमोर उभे राहिलो. कापड कडक वाळलेलं होतं, पापडासारखं वाजत होतं. एवढ्यात त्यांचा फोन वाजला. हूडवाला होता. फोनमधलं सगळं मला ऐकू येत होतं. "काका, येऊ काय न्याले?"

देवरावजींनी हूड तळहाताने चाचपला. या टोकाला, त्या टोकाला, मग रेघेवर. "नाई रे भाऊ," ते म्हणाले, "अजून ओला आहे."

"मे महिन्यात?" पलीकडून हसण्याचा आवाज आला. "काऊन मजाक करता काका?"

देवरावजी माझ्याकडे बघत राहिले. मी पुढे होऊन त्यांच्या हातातला फोन घेतला.

"ओलाच आहे भाऊ," मी म्हणालो. "मी स्वतः हात लावून पाहिला. आज नोका येऊ."

फोन ठेवला, पुन्हा डावी बाजू उचलून धरली आणि त्यांच्यासमोर उन्हात उभा राहिलो.