खोटं मरायचं नाही

साठीला आलेल्या माणसानं नवा खेळ शिकू नये, आणि शिकलाच तर त्याची खरेदी बायकोला सोबत घेऊन करावी. जपानातल्या इचिकावाच्या शिगेनोबू कानबायाशींनी नेमकं उलट केलं.

निमित्त लेकीचं. चिसातो लग्न करून दूर उत्तरेला, साप्पोरोला निघाली होती. तिला एअरसॉफ्टचा भारी नाद. रविवार आला की चिबाच्या रानात जायचं, दोन गट पाडायचे आणि खेळातल्या बंदुकांनी एकमेकांवर प्लास्टिकच्या बारीक गोळ्या झाडायच्या. तिचा इथला शेवटचा रविवार जवळ आला, तेव्हा शिगेनोबू जेवता जेवता म्हणाले, "मीही येतो."

चिसातोचा घास हातातच राहिला. "ये की! पण बाबा, एक अट. गोळी लागली तर आपणच हात वर करून 'लागली' म्हणायचं असतं. लागली नाही तर नाही म्हणायचं. खोटं मरायचं नाही."

शिगेनोबूंना रोख कळला. पोरगी विसरली नव्हती तर! ती लहान असताना ते तिला जेवणाच्या काड्यांची बंदूक करून द्यायचे, रबरबँड ओढून मारायची. रोज संध्याकाळी ऑफिसातून आले, की दारातच गोळी. मग टाय सैल करत, भिंतीला धरत, "योशिए, पोरीला सांभाळ!" असं बायकोला सांगत ते चटईवर कोसळायचे. (ऑफिसात त्यांना कुणी शिंकतानाही पाहिलं नव्हतं.) एके दिवशी रबरबँड चिसातोच्या हातातच तुटला, तरी बाबा मेले. पोरीनं बंदूक खाली ठेवली. "म्हणजे तू रोज खोटंच मरत होतास," म्हणाली. त्यानंतर तिनं बाबांना कधी मारलं नाही. घर फार शांत झालं.

"शब्द देतो," शिगेनोबू म्हणाले. "खरं खेळेन."

"मग आधी डोळ्यांचं बघ, नंतर पायांचं. चांगला गॉगल, चांगले बूट. बंदूक तिथं भाड्यानं मिळते."

शिगेनोबू दुकानात गेले ते गॉगल आणायला, आणि परतले ते जाकीट घेऊन. छातीपोटावर खिसेच खिसे, त्यावर पट्टे, पट्ट्यांना प्लास्टिकची बक्कलं. शिवाय झाडपाल्याच्या रंगाची टोपी आणि कानांवर बसणाऱ्या जाड गाद्या. एवढ्यात खिसा रिकामा झाला, म्हणून गॉगल स्वस्तातला आणि बूट बागकामाचे.

योशिएनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "अहो, पोट आत घ्या. ते बक्कल रडतंय."

"बसवलंय ना एकदा?"

"बसलंय. पण मनातून नाही."

रविवारी चिसातो लाल गटात, बाबा पिवळ्या. शिगेनोबू बांबूच्या बेटात आडवे झाले आणि जाकीट पाचोळ्यात असं मिसळून गेलं, की त्यांच्याच गटातला एकजण त्यांच्या पायावर पाय देऊन, झाडाची क्षमा मागून पुढे गेला. काही वेळानं गॉगलवर धुकं साचलं. कानांवर गाद्या. दिसेना, ऐकू येईना. पण खरं खेळायचा शब्द दिला होता, म्हणून ते जागचे हलले नाहीत.

शेवटी धुक्यातून एक आकृती आली. पावलं किंचित आत वळवून चालणारी. ही चाल त्यांनीच तर बोट धरून शिकवली होती. शिगेनोबूंनी नेम धरला. पण चाप काही ओढवेना. मारायचं, की मारू द्यायचं? त्यांनी खोल श्वास घेतला, आणि पोटावर टक् झालं!

"लागली!" शिगेनोबू ओरडले. एवढ्यावर थांबायचं होतं. पण जुनी सवय! छातीवर हात, बांबूचा आधार, आणि "योशिए, पोरीला सांभाळ!" म्हणत ते पाचोळ्यात कोसळले.

"बाबा?"

चिसातोनं त्यांच्या कानावरची गादी उचलली. तिच्या हातात बंदूक नव्हतीच. "खेळ केव्हाच संपला! भोंगा ऐकला नाहीस? सगळे जेवायला बसलेत, तुझी करी गार होतेय म्हणून शोधत आले."

"मग मला मारलं कुणी?"

चिसातोनं पाचोळ्यातून तुटकं बक्कल उचलून दाखवलं.

शिगेनोबूंचा चेहरा पडला. शब्द मोडला होता. आता ही पुन्हा तशीच गप्प होणार आणि साप्पोरोला जाणार. "चिसातो, शप्पथ सांगतो, मला वाटलं खरंच..."

पण पोरगी पोट धरून खाली बसली होती. गॉगलच्या आत तिचे डोळे वाहत होते, हसून की कशानं ते धुक्यातून कळेना. मग तिनं दोन बोटांची बंदूक केली, लहानपणी धरायची तशी.

"बाबा, अजून एकदा मर ना."

शिगेनोबू उठले. टाय नव्हता, तरी सैल केला. आणि असे कोसळले, की ऑफिसातली सगळी वर्षं वसूल झाली.

चिसातो टाळ्या वाजवत राहिली. बाबा उठेनात.

"पुरे आता. ऊठ ना, बाबा."

"चिसातो," शिगेनोबू आभाळाकडे बघत हळूच म्हणाले, "कंबर गेली. या वेळी खरं आहे."

लाल गटाच्या चौघांनी त्यांना उचलून करीपाशी नेलं. दिलेला शब्द अखेर पाळला गेला.