कागदोपत्री पंचवीस इंच

ऑक्टोबरच्या एकतीस तारखेला सकाळी सात वाजता मुरांबीवा गोतोरा यांच्या मुलीचं लग्न शेजारच्या अ‍ॅव्होकाडोच्या झाडावर जाऊन बसलं. म्हणजे लग्नाची बोलणी करायला आलेले मुलाकडचे मध्यस्थ, चिपाडझे नावाचे चांगले साठीचे, जाडजूड शिंपी, नव्या कोटासकट झाडावर चढले आणि काही केल्या खाली उतरेनात.

तारखेला महत्त्व होतं. दुसऱ्या दिवशी नोव्हेंबर लागत होता, आणि नोव्हेंबरात लग्नाचा विषय काढायची मुतारे शहरात काय, साऱ्या मुलखात कुणाची छाती नाही. पितर रागावतात. बरं, डिसेंबरपर्यंत थांबावं तर मुलगा पंधरा नोव्हेंबरला दोन वर्षांसाठी बोत्स्वानाच्या खाणीवर निघालेला. बोलणी आज पार पडली तर शुवाई त्याची बायको म्हणून बरोबर जाणार, नाही पडली तर दोन वर्षं वाट बघत बसणार. शुवाई एकोणतीस वर्षांची होती आणि आधीच पुष्कळ थांबलेली होती.

घोडं अडलं होतं ते कुत्र्यापायी. तीन वर्षांपूर्वी, पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाल्यावर, गोतोरांनी सिंहाला भिडणाऱ्या जातीचं एक पिल्लू आणलं. पाठीवर उलट्या केसांची रेघ, रंग गव्हाळ, शिक्क्यासह कागदपत्रं. पूर्ण वाढलेला नर खांद्यापाशी पंचवीस इंच भरतो, असं कागदावर छापलेलं होतं. त्यांनी त्याचं नाव शुंबा, म्हणजे सिंह, ठेवलं, वासरू मावेल एवढं घर बांधून घेतलं आणि सगळ्या चिकांगा वस्तीत सांगून ठेवलं की आता आमच्या दारावरून जाताना जपून. स्वयंपाकघराच्या चौकटीवर ते दर महिन्याला पेन्सिलीने खूण करायचे. खुणा सोळा इंचांपर्यंत आल्या आणि थांबल्या. रेघ अगदी व्यवस्थित, छाती रुंद, आवाज तर रिकाम्या पिंपात बसून ओरडावं तसा. फक्त मापच कमी. गोतोरांनी मग त्याला मागच्या अंगणात ठेवलं आणि कुणी विचारलं की सांगायचे, वाढतोय अजून, पण आताच दोन माणसांना आवरत नाही.

ही फुशारकी फिरत फिरत मुलाच्या घरी पोहोचली होती. त्यांचे आधीचे दोन मध्यस्थ कुत्र्याचं ऐकून कंबरदुखीचं निमित्त काढून मोकळे झाले. चिपाडझे तिसरे.

आता मध्यस्थ पहिल्यांदा दारात आला की मुलीकडच्यांनी त्याला जरा झिडकारायचं, दोन पावलं पळवायचं, मग सन्मानाने आत घ्यायचं, ही जुनी रीत. हल्ली लोक नुसतं खोटंखोटं रागावतात. पण गोतोरांची थोरली बहीण केरेसिया आत्या रीतीला पक्की, आणि लग्नात आत्याच्या शब्दापुढे बापाचंही चालत नाही. गोतोरांनी पहाटेच शुंबाला स्वयंपाकघरात कोंडलं होतं. चिपाडझेंनी फाटकाबाहेर बसून रीतीप्रमाणे टाळ्या वाजवत कुळाचं नाव घेतलं आणि आत्या म्हणाल्या, "आजोबांच्या वेळी कुत्री सोडली होती. घरात सिंह पाळलायस ना, मग तो काय मांसावर ताव मारायला?" आणि त्यांनी कडी काढली.

शुंबा अंगणात आला आणि एकदाच भुंकला. तो फाटकाखालून बाहेर पडेपर्यंत चिपाडझे झाडाच्या पहिल्या फांदीवर होते. पळताना त्यांचा एक बूट निसटला होता. शुंबाने तो बूट शोधून आणला, झाडाखाली ठेवला आणि शेपूट हलवत वर बघत बसला.

गोतोरा धापा टाकत आले आणि म्हणाले, उतरा आता, तो काही करत नाही.

"हे पिल्लू गोड आहे हो," चिपाडझे वरून म्हणाले. "पण बाप कुठाय याचा?"

इथे गोतोरांनी खरं सांगितलं असतं तर गोष्ट सव्वासातला संपली असती. पण झाडाची मालकीण, शेजारची साउंग्वेमेबाई, खराटा घेऊन कुंपणाशी येऊन उभी होती. तिच्यामागे तिचा नवरा आणि समोरच्या घरातली चार माणसं. तीन वर्षं ज्यांना थापा मारल्या ते सगळे जमलेले. गोतोरांची जीभ आपोआप वळली.

"मागे बांधलाय त्याला," ते म्हणाले.

चिपाडझेंनी विचार केला. माणूस भित्रा असला तरी कामाचा पक्का होता. म्हणाले, मग त्याला तिथूनच भुंकू द्या. आवाज लांबून आला की माझी खात्री पटेल आणि मी उतरेन.

गोतोरा म्हणजे एकतीस वर्षं खिडकीआड बसून हळू आवाजात तिकिटं विकलेला माणूस, तो आज सूट चढवून कोंबड्यांच्या खुराड्यामागे गेला, इकडे तिकडे पाहिलं आणि भुंकला. पहिला आवाज खोकल्यासारखाच आला. दुसऱ्यांदा बरा जमला. तिसऱ्यांदा बायको पातेलं घेऊन बाहेर आली.

"अहो, शुवाईचे बाबा," ती हळूच म्हणाली, "डॉक्टरांना बोलावू का?"

पण घात केला तो शुंबाने. आपल्या अंगणात परका कुत्रा शिरला असं वाटून त्याने झाडाखालूनच आपला पिंपातला आवाज लावला. चिपाडझेंनी खाली पाहिलं. एवढ्याशा पिल्लाचा हा आवाज, तर मागे बांधलेल्या बापाचं काय सांगावं? त्यांची पाचावर धारण बसली आणि ते आणखी एक फांदी वर गेले.

साडेनऊ झाले. शिजलेलं मांस निवायला लागलं. चिपाडझेंनी वरूनच कळवलं की ते मुलाकडच्यांना निरोप धाडतायत, आज जमणार नाही, माफी असावी. गोतोरांनी वळून पाहिलं. शुवाई दारात उभी होती, डोक्याला नवा रुमाल बांधलेला. तिने रुमालाची गाठ सोडायला हात वर नेला.

ते बघून गोतोरा तडक झाडाखाली गेले, शुंबाला दोन्ही हातांनी उचललं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलू लागले.

"चिपाडझेबाबा, मोठा कुत्रा नाहीच. हाच तो. तीन वर्षांचा आहे, सोळा इंच आहे आणि आता वाढायचा नाही. मागे मी भुंकत होतो. मी सगळ्यांशी खोटं बोललो."

साउंग्वेमेबाईचा खराटा हातातून गळाला. कुणी हसलं नाही. इतकं मोठं हसू दाबायचं म्हणजे सगळी ताकद तिथेच खर्ची पडत असावी.

"वाढ पुरी झालीय?" वरून प्रश्न आला.

"झालीय."

"मग जातीत बसत नाही म्हणून परत का नाही केलात?"

"विकणारा बदलून देत होता. दोनदा येऊन गेला," गोतोरा म्हणाले. "पण हा पहिल्या हिवाळ्यात माझ्या बुटात झोपायचा. बुटात झोपणाऱ्याला कोण परत देतो? लाज मला लोकांची वाटली, बाबा. याची कधी वाटली नाही."

वर पानं हलली, आणि चिपाडझे पायरीपायरीने, कोटाचा एक फाटका खिसा फांदीवरच सोडून, खाली उतरले. बूट घातला. शुंबाचा पंजा हातात घेतला. मग अवघडून गोतोरांच्या जवळ सरकले.

"तुम्ही एवढं खरं बोललात तर मलाही पोटात ठेववत नाही," ते म्हणाले. "आमचा नवरामुलगा, गाराई..." आणि त्यांनी हात आडवा धरून आपल्या छातीशी नेला. "एवढाच आहे. चार फूट दहा इंच. आत्याबाईंनी बजावलं होतं, भावाला उंचीचं वेड आहे, पोरगा दिसू देऊ नका. सासुरवाडीत जावई जमिनीवरच बसतो, शेवटपर्यंत उठवूच नका म्हणून."

गोतोरा सावकाश बहिणीकडे वळले. केरेसिया आत्या झाडावरची फळं मोजत होत्या.

"तू उंचापुरा म्हणाली होतीस."

"बसल्यावर काही कळत नाही रे," आत्या म्हणाल्या.

आणि मग सकाळपासून पहिल्यांदा गोतोरा हसले, इतके की शुंबाला खाली ठेवावं लागलं. त्यांचा जीव भांड्यात पडला होता. उद्या आपण त्या पोराला एखाद्या पाहुण्यापुढे उभं राहू दिलं नसतं, हे त्यांना स्वतःबद्दल नीट ठाऊक होतं, आणि त्यातून आज सुटलो म्हणून त्यांना फार बरं वाटलं. डोळे पुसून त्यांनी दोन्ही तळवे जुळवले आणि रीतीप्रमाणे टाळ्या वाजवून आभार मानले, आधी चिपाडझेंचे, मग साउंग्वेमेबाईच्या झाडाचे, आणि सगळ्यांत शेवटी, वाकून, शुंबाचे.

"पूर्ण वाढलाय ना जावई?" त्यांनी विचारलं.

"पूर्ण."

"मग आणा त्याला. आणि चालत आणा, उभ्याने."

गाराई कोपऱ्यावरच्या गाडीत तीन तास दडून बसला होता. तो आला, बोलणी झाली, मांस पुन्हा गरम झालं. दुपारी फोटो काढायची वेळ आली तेव्हा शुवाई एका बाजूला उभी राहिली आणि गोतोरांनी शुंबाला मागे न्यायला हात पुढे केला. सवयच होती ती.

"राहू द्या, बाबा," गाराई म्हणाला. "माझ्या शेजारी उभा करा. माझ्याजवळ उभं राहिलं की सगळेच मोठे दिसतात. आमच्या कोंबड्यासुद्धा."

तो फोटो आता गोतोरांच्या बैठकीत आहे. बोत्स्वानाहून पत्र आलं की ते त्याच्याकडे बघत वाचतात. फोटोत शुंबा जावयाच्या मांडीपर्यंत पोहोचतो, छाती काढून उभा आहे, अगदी कागदावरच्या पंचवीस इंचांचा वाटतो. नवा पाहुणा आला की हमखास म्हणतो, केवढा हो कुत्रा तुमचा.

"छे, सोळाच इंच आहे," गोतोरा सांगतात. "मोठा दिसतोय ती आमच्या जावयाची कृपा."