लोह्याचे ठाणे राखिले

लातूर मुक्कामी धोंड्याच्या जेवणात जो रणसंग्राम जाहला, तो कोणाची भीड न धरिता लिहून ठेवावा, ऐसी आज्ञा; सबब लिहितो.

लोह्याचे ठाणेदार राजश्री भागवतराव, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाचे खावंद, मोठे कसबी. परंतु सासऱ्यापुढे 'हाव मामा' यावाचून शब्द फुटत नसे. अधिक मासी ते पत्नी उज्वलाबाईंसह सासुरवाडीस दाखल जाहले, आणि मग सासूबाई सिंधुताईंनी पुरणाच्या धोंड्यांचा व तुपाचा ऐसा मारा केला की भागवतरावांस श्वास घेणे मुश्कील जाहले, आणि तरी ते 'हाव, वाढा' म्हणतच राहिले.

ते समयी धाकटी मेहुणी दामिनी परीक्षेचे इंग्रजी शब्द मोठ्याने घोकीत होती: ऑब्सिक्वियस, म्हणजे गरजेपेक्षा जास्त आज्ञाधारक. सासरे शेषेराव, खतांच्या दुकानाचे धनी, यांस परम संतोष जाहला. आज्ञाधारकपणात जास्त म्हणून काही असते, हे त्या घरी कोणास ठाऊकच नव्हते. त्यांनी भर पंगतीत जाहीर केले की आमचे जावई लई ऑब्सिक्वियस हायत, आणि पाव्हण्यांनी माना डोलाविल्या, आणि सिंधुताईंनी दृष्ट काढिली. मग त्याच भरात फर्मान सुटले, की जावयांनी लोह्याचे दुकान मोडावे आणि लातुरी आमचे गल्ल्यावर बसावे.

उज्वलाबाईंचा चेहरा उतरला. त्या दुकानाचा फलक त्यांनी खासा रंगविला होता. तरी भागवतरावांच्या ओठांवर सवयीने 'हाव' आलाच.

तोच दामिनी हळूच बोलली, "दाजी, ते कौतुक न्हाई. मालकानं बस म्हणायच्या आधीच जो खाली बसतो ना, त्याला म्हणतेत तसं."

भागवतरावांचे कान तापले, आणि घाम फुटला, आणि मग ते बोलते जाहले, "न्हाई, मामा. दुकान मोडणार न्हाई."

शेषेराव घोटभर पाणी प्यायले.

"आसं आधी बोलायचं की," ते म्हणाले. "तुम्ही सदा गप. मला वाटलं, दुकान चालंना म्हणून गप बसता."

येणेप्रमाणे फर्मान रद्द जाहले आणि लोह्याचे ठाणे कायम राहिले. बस परतीचे वाटेस लागताच उज्वलाबाई इतुकेच बोलल्या, की माझ्या बापापुढं तुमचा आवाज आज पहिल्यांदा ऐकला, बरा हाय. सबब फत्ते जाहली, ऐसे नमूद केले.