सबनीसांची तीन मिनिटं

सबनीस आपली बनियनं तीन उंचींवर वाळत घालत. एक कमरेएवढ्या दोरीवर, दुसरं दहा फुटांवर आणि तिसरं बावीस फुटी बांबूच्या टोकाला. बांबू मी स्वतः मोजला होता, म्हणून आकडा खात्रीचा. खालचं बनियन लोंबत असताना वरचं फडफडलं, की ते टाळी वाजवत, "खाली शांत, वर भांडण!"

ही सत्तरच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. मी भिवपुरीच्या वीजकेंद्रात पाण्याच्या पातळीच्या नोंदी ठेवत असे. आमच्या वसाहतीच्या कडेला पुण्याहून रडारची एक गाडी येऊन उभी राहिली आणि तिच्याबरोबर सबनीस आले. वय पंचेचाळीस, बिऱ्हाडात एकटेच.

त्यांचं काम साधं होतं, निदान त्यांच्या मते. वरचा वारा जोरात आणि खालचा संथ असला, तर दोन्ही थर एकमेकांवर घासतात आणि मध्ये लाटा उठतात. त्या वळतात, फुटतात, विरतात. सगळं दहा-पंधरा मिनिटांत, तेही निरभ्र हवेत, म्हणजे डोळ्यांना काहीच दिसत नाही. रडारला दिसतं. एकदा जेवायला बोलावलं, तर आमटीवरच्या तर्रीला फुंकर घालत त्यांनी माझ्या बायकोला हे समजावलं. "वहिनी, ही बघा, सुरकुती पडली!" आमटी दोनदा गरम करावी लागली.

चार वर्षं गावोगाव गाडी फिरवून त्यांना एकही लाट पुरी टिपता आली नव्हती. त्यातच पत्र आलं: महिनाअखेरपर्यंत नोंद मिळाली नाही, तर गाडी परत. आणि नेमके राब भाजायचे दिवस आले. भाताची रोपं जिथे करायची, त्या जमिनीवर शेण, पाला, गवत पसरून जाळतात. सकाळी हवा पडलेली असते, म्हणून सकाळीच. लाटाही सकाळच्याच. जळक्या पाल्याचे कण वर चढत आणि रडारच्या पडद्यावर मोहरी सांडल्यासारखे ठिपके उठत.

सबनीस मला साक्षीला घेऊन तुळसाबाईकडे गेले. शेजारच्या वाडीत तिचा शब्द चाले.

"आठ दिवस सकाळी राब भाजू नका," ते म्हणाले.

"का वो सायेब? आमच्या धुरानं तुमच्या मशीनला ठसका लागतो व्हय?"

"मला वरचा वारा बघायचाय."

"मग धूर बघा की! फुकटात दिसतो. सरळ चढतो, आन् वर गेला की असा वळतो." तिने हाताने वळण दाखवलं. सबनीस तो हात बघतच राहिले.

"बाई, तुम्ही कधीपासून बघताय हे?"

"पोरगी व्हते तवापासून. पन दुपारी भाजला नि वारा सुटला तर? गंजी पेटली तर तुमी देनार व्हय गवत?"

"संध्याकाळी भाजा. वारा कधी पडेल ते मी सांगतो. आणि विझेपर्यंत तिथे उभा राहतो."

"आमी काय, आठ दिस सकाळचं ऱ्हाऊ दिऊ. पन तुमी उभं ऱ्हा म्हंजे झालं."

ते राहिले. पाच संध्याकाळी, हातात बादली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. वाडीतल्या बायका हसायच्या. तिसऱ्या दिवशी तुळसाबाईने त्यांना भाकरी दिली, तीही त्यांनी बादली खाली न ठेवता खाल्ली.

सहाव्या दिवशी सकाळी आमचं दार धडाधडा वाजलं. सबनीस, एका पायात चप्पल. "चला! वळतंय!" पलीकडच्या बांधावर तुळसाबाई पाला गोळा करत होती; तिथूनच त्यांनी तिला हाक दिली, "तुळसाबाई, या लवकर!"

आम्ही तिघं त्या गाडीत कसेबसे मावलो. हिरव्या पडद्यावरची सरळ रेघ वाकली होती. एकामागे एक लाटा उठत होत्या आणि प्रत्येकीचं डोकं पुढे वळत होतं. सबनीस फोटोमागून फोटो काढत होते.

"अगं बया," तुळसाबाई हळूच म्हणाली, "ह्यो तर आमचाच धूर."

अक्षर बरं म्हणून नोंद उतरवायचं काम माझ्याकडे आलं. सात वाजून सहा मिनिटं ते सात एकोणीस. दर अर्ध्या मिनिटाला एक फोटो. मात्र सात अकरा ते सात चौदा एकही नाही.

"सबनीस, ऐन मध्यावर तीन मिनिटं कोरी आहेत. यंत्र अडलं होतं?"

"नाही. तुम्हाला बोलवायला आलो होतो."

"अहो, चार वर्षं ज्याच्यासाठी घालवली... आधी फोटो पुरे करायचे ना!"

ते चष्मा पुसत राहिले. "पाच मिनिटं काढले. मग मागे वळून 'हे बघा' म्हणालो, तर गाडीत कुणीच नव्हतं."

मी पेन उचललं. कारणाच्या रकान्यात काय लिहू, ते विचारलं.

"झालं तेच लिहा."

मी लिहिलं, 'निरीक्षक शेजाऱ्यांना बोलावण्यास गेले होते.' महिन्याभराने गाडीची मुदत वर्षाने वाढवल्याचं पत्र आलं. त्या तीन मिनिटांबद्दल त्यात कसलीही विचारणा नव्हती.