समुद्रदेव आणि फिल्टर कॉफी

माझ्या आवाजात साक्षात देव आहे! हे मी म्हणत नाही, आमच्या गायकवृंदाचा कॉयरमास्तर प्राणेश म्हणतो. तीनशे वर्षांपूर्वीच्या युरोपातल्या त्या बरोक गाण्यांत खर्जाच्या आवाजाला दोनच कामं मिळतात, देवाचं नाहीतर राक्षसाचं. मला समुद्रदेव मिळाला, तोही एकट्याने गायचा. इतकी वर्षं मी मागच्या रांगेतून बाकीच्यांच्या गाण्याला पाया पुरवत होतो. पायाकडे कोण बघतं?

मला खरं तर एकीनेच ऐकायला हवं होतं. अलकनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने. लग्नापासून आजवर माझं एकही गाणं तिने शेवटपर्यंत ऐकलेलं नाही. "एवढं एक पुरतं ऐक," म्हणून मी तिला अक्षरशः विनवलं. तिने हो म्हटलं, पण अगदी थकलेल्या सुरात. कारण दोन महिने आमच्या घरात समुद्र खवळलेला होता. या गाण्यात एकेक अक्षर जिने चढत-उतरत पानभर चालतं. आंघोळीला लावलेला 'आ' माझं अंग पुसून होईपर्यंत संपत नसे. शेजारच्या कनकामामी तर घसा धरलाय समजून रोज सुंठीचा काढा पाठवायच्या. मीही मुकाट पीत होतो. समजावून सांगायचं त्राण कुणाला होतं?

कार्यक्रम आम्ही राहतो त्या वेस्ट मांबलममध्येच, एका छोट्या सभागृहात. मी उत्साहाच्या भरात अख्ख्या बिल्डिंगला बोलावलं आणि तिथेच माती खाल्ली. तळमजल्यावरचे सुब्बाराव तंजावरचे मराठी, कर्नाटक संगीताच्या मैफिली ऐकून मुरलेले. ते सगळ्यांना घेऊन आले आणि अलकनंदाच्या आजूबाजूला बसले.

आता इथला, तामिळ मुलखातला, एक रिवाज सांगतो. मैफिलीत गवई गप्प झाला आणि मृदंग एकटा वाजू लागला, की त्याला 'तनी' म्हणतात. तनी लागली की निम्मं सभागृह कँटीनकडे चालू लागतं. मृदंगवाला सोडून कुणालाच त्यात काही वाटत नाही.

आणि या बरोक गाण्यात गायक दोन ओळी म्हणून थांबतो, वाद्यं बराच वेळ एकटीच वाजतात! मी थांबलो. चेलो नावाचं ते थोरलं व्हायोलिन सुरू झालं. सुब्बारावांनी पसंतीची मान डोलावली आणि म्हणाले, "तनी लागली. चला, काफी पिऊन येऊं."

मी घाबरून हात वर केला, थांबा म्हणून. त्यांना वाटलं, मी 'जाऊन या' म्हणतोय. दोघा-तिघांनी तर हात जोडले. एक रांग उठली, तिचं बघून दुसरी उठली. कनकामामी जाता जाता मला 'पाणी पी' अशी खूण करून गेल्या.

सभागृह ओस पडलं. एकटी अलकनंदा जागची हलली नाही. समोरच्या दिव्यांमुळे मला तिचा चेहरा तेवढा दिसत होता, शांत, ताठ. मला भरून आलं. पुढचं सगळं मी तिच्यासाठी गायलो आणि खोटं कशाला सांगू, आयुष्यात इतकं चांगलं कधी गायलो नव्हतो.

मंडळी परतली तेव्हा मी वाकून नमस्कार करत होतो. टाळ्या कडकडून पडल्या. कॉफी फार छान होती म्हणे.

घरी जाताना मी म्हणालो, "सगळे उठून गेले, पण तू बसलीस. फार बरं वाटलं गं मला."

"उठणार कशी?" ती म्हणाली. "जाताना सगळे आपापल्या पिशव्या माझ्या मांडीवर ठेवून गेले होते."