इंजिनाला अहो म्हणणारे मेश्रामकाका

मेश्रामकाका माणसांना अरे-तुरे करतात आणि इंजिनाला अहो-जाहो. सगळं लखनऊ एकमेकांना 'आप' म्हणत असताना हे अमरावतीचे गृहस्थ डॉक्टरलाही 'काय रे बाप्पा' म्हणतात. बॉनेट उघडलं की मात्र आवाज खाली आणून विचारतात, "कसं वाटते आता तुम्हाले?"

"मला अगं आणि त्याला अहो," सुलभाकाकू म्हणायच्या.

मानक नगरच्या कॉलनीत आम्ही शेजारी. काकांची सारी नोकरी रेल्वेची इंजिनं तपासण्यात गेली, पण गाडी काही त्यांना चालवता आली नाही. इंजिनाचा आवाज ऐकायला लागले की समोरचा रस्ता त्यांच्यासाठी संपलाच. म्हणून त्यांच्या जुन्या छोट्या गाडीचं स्टिअरिंग काकूंकडे आणि गियर काकांकडे. काकू क्लच दाबून म्हणायच्या, "दुसरा." शेजारच्या सीटवरचे काका दांडा ओढून म्हणायचे, "टाकला." बघणारा रस्ता सोडून बाजूला व्हायचा, गाडी मात्र लोण्यासारखी जायची.

मग काकूंचा डावा गुडघा गेला. क्लच दाबला जाईना. आलमबागचा बाजार, तेलीबागेतल्या मैत्रिणी, रविवारचं बुद्धविहार, सगळं सुटलं. रिक्षात बसवून कोणी नेलेलं त्यांना चालेना. त्या खिडकीत बसल्या आणि गाडी झाडाखाली उभी राहिली. एका पावसाळ्यात पाणी शिरून इंजिनही जाम झालं.

तेव्हा काकांनी जाहीर केलं, इंजिन जिवंत करणार आणि गियरबॉक्स बदलून गाडी ऑटोमॅटिक करणार. सुलभाला क्लच लागणारच नाही.

"त्यापेक्षा नवी घ्या ना," मी म्हटलं.

"घरचं माणूस आजारी पडलं तं बदलून आणते का कोणी?"

झालं. रोज सकाळी स्पार्क प्लगच्या भोकांतून तेल सोडायचं आणि पाना लावून इंजिन हलतं का बघायचं. जोर अजिबात लावायचा नाही. "या ना, थोडसेक या," काका आर्जवं करत. मदतीला येणारे रफीकभाई मेकॅनिक एकदा कंटाळून म्हणाले, "साहब, इनसे आप-आप, और हमसे तू?"

"तू रुसला तं उद्या येशील रे. हे रुसले तं येणार नाहीत."

एका सकाळी पाना केसभर सरकला. काकांनी खिडकीकडे बघून आरोळी ठोकली, "सुलभा, हलले!" काकू बऱ्याच दिवसांनी हसल्या.

त्याच मॉडेलची एक ठोकर खाल्लेली ऑटोमॅटिक गाडी भंगारात सापडली. तिचा गियरबॉक्स आला, वायरी आल्या, पेडलं आली. बसवलं, उतरवलं, परत बसवलं. काकांनी हे सगळं ज्या चिकाटीनं केलं, ती माझ्यात असती तर मी आज कुठल्या कुठे असतो.

पहिल्या फेरीला मी मागच्या सीटवर. गाडी फाटकाबाहेर पडली, वेग आला आणि काकू सवयीनं म्हणाल्या, "दुसरा." काकांनीही सवयीनं दांडा ओढला. गाडी एकदम खालच्या गियरमध्ये गेली आणि इंजिन असं किंचाळलं की पानवाल्याच्या हातातला कात सांडला.

"अहो, हात काढा," काकू ओरडल्या. "आता आपोआप पडतात ना गियर?"

"हो. चुकलं," काका म्हणाले. काकूंना की इंजिनाला, कळलं नाही. त्यांनी हात मांडीवर घेतला. इतकी वर्षं कामावर असलेला तो हात तिथे नुसता पडून राहिला. मला फार वाईट वाटलं.

बाजारात काकू काठी टेकत भाजी घ्यायला उतरल्या. मी विचारलं, "काका, यात तुमचं काम जाणार, हे आधी लक्षात नाही आलं?"

"पहिल्याच दिवशी आलं," काका म्हणाले. "पण सुलभा खिडकीत बसून राहे ना रे."



काकू भाजी घेऊन आल्या. बहुतेक त्यांनी ऐकलं असावं, काच उघडीच होती.  त्यांनी गाडी सुरू करून चौक ओलांडला, आणि रस्ता मोकळा मिळाल्यावर समोर बघतच हळू आवाजात म्हणाल्या, "दुसरा."

काकांनी दांड्याला हात लावला नाही. मांडीवरचीच मूठ मागे ओढली.

"टाकला," ते म्हणाले.