मागे चिकटलेली व्हॅन

आरसा ही वस्तू भांग पाडण्यापुरती ठीक आहे, गाडीत तिचं काही काम नाही, असं मायक्रॉननं शनिवारी सकाळी घरात जाहीर केलं आणि दुपारपर्यंत गाडीचे तिन्ही आरसे काढून टाकले.

मायक्रॉन हे त्याचं नाव नव्हे. तो कॉलेजच्या प्रयोगशाळेत मापनाची उपकरणं दुरुस्त करायचा. चहात साखर किती घालू असं विचारलं तर तो ग्रॅममध्ये उत्तर द्यायचा, म्हणून सहकाऱ्यांनी हे नाव त्याला चिकटवलं होतं. त्याला ते मनापासून आवडायचं. फक्त मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, हे फारच मोठं माप झालं, असं त्याचं मत होतं.

आरशांवर राग निघायला कारण होतं त्याची लेक. लेक जनावरांची डॉक्टर झाली होती आणि फिरत्या दवाखान्यावर तिची नेमणूक झाली होती. दवाखाना फिरता असल्यामुळे तो फिरवणं डॉक्टरकडेच होतं. महिनाअखेरपर्यंत ड्रायव्हिंग लायसन्स दाखवा, नाहीतर यादीतल्या पुढच्या डॉक्टरला बोलावू, असं पत्र आलं होतं. आणि लेक टेस्टमध्ये दोनदा नापास झाली होती. दोन्ही वेळा निरीक्षकांनी शेरा एकच मारला होता : मागे बघत नाही. आता तिसरी टेस्ट सोमवारी होती. त्यानंतर त्या महिन्यात तारीख नव्हती.

"ती बघते," मायक्रॉन म्हणाला. "आरसा दाखवत नाही. मी मोजलंय. डावा आरसा सतरा अंश दाखवतो. उरलेल्या अंशांत काय घडतं ते देवाला ठाऊक."

त्यानं तीन कॅमेरे आणले आणि तीन पडदे. डावा, उजवा आणि मधला. कॅमेऱ्यातलं चित्र साठवूनही ठेवता यायचं, म्हणजे पुरावा राहतो. पडद्यांवर मागून उजेड येऊ नये म्हणून त्यानं मागची काच काळा कागद लावून पूर्ण बंद केली. आता गाडीतून मागे बघायचा पडद्याखेरीज दुसरा मार्गच उरला नाही, आणि हेच त्याला हवं होतं.

बायको दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. ती कामावरून आली आणि गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाली, "अहो, कान कापल्यासारखी दिसतेय. कॅमेरे लावायचे तर लावा, पण आरसे कशाला काढले?"

"जुनं जवळ असलं की माणूस जुन्याकडेच बघत बसतो."

"हे आरशाबद्दलच चाललंय ना?"

मायक्रॉननं डाव्या कॅमेऱ्याचा कोन पुन्हा मोजला.

"आमचे डॉक्टर एवढ्याशा आरशात अक्कलदाढ शोधतात," ती म्हणाली. "रोज सापडते."

"दाढ जागची हलत नाही."

"रोगी हलतो की."

रविवारी सकाळी पहिली चाचणी झाली. बायको शेजारी बसली, लेक घरी अभ्यास करत राहिली. गाडी रिव्हर्समध्ये फाटकाबाहेर काढायची होती. फाटकाच्या एका अंगाला शेजारच्या प्लंबरची पांढरी व्हॅन नेहमीसारखी उभी होती, आणि प्लंबर समोरच्या जिन्यावर कप हातात घेऊन, सुट्टीच्या दिवशी करायचं ते, म्हणजे काहीच नाही, करत होता.

आता इथे एक बारीकशी गोष्ट सांगायला हवी. आरशात आपल्या डाव्या अंगाची वस्तू डावीकडेच दिसते. मागे तोंड करून बसवलेल्या कॅमेऱ्याला मात्र तीच वस्तू उजवीकडे दिसते. म्हणून असलं चित्र उलटवून घ्यायचं असतं, आणि त्यासाठी पडद्याखाली एक बटणही होतं. मायक्रॉननं माहितीपत्रक दोनदा वाचलं होतं, त्याला ते बटण ठाऊक होतं, आणि तत्त्व म्हणून त्यानं ते दाबलं नव्हतं. कॅमेऱ्याला दिसतं ते सत्य. सत्य उलटवणारे आपण कोण?

पडद्यात व्हॅन उजवीकडे दिसली. मायक्रॉननं ती चुकवायला चाक डावीकडे फिरवलं आणि अतिशय काळजीपूर्वक, ताशी चार किलोमीटर वेगानं, तिच्यावर जाऊन आदळला. व्हॅनचा पुढचा एक दिवा फुटला. गाडी वीतभर पुढे उडाली आणि थांबली. मधल्या पडद्यात व्हॅनचं तोंड काठोकाठ भरलं.

प्लंबर कप घेऊनच खाली आला. "दिवा गेला," तो म्हणाला.

"तुमची व्हॅन पुढे आली," मायक्रॉन म्हणाला.

प्लंबरनं व्हॅनकडे पाहिलं, कपाकडे पाहिलं. "बरं. उद्या बोलू," म्हणाला आणि परत जिना चढून गेला. नळ गळतोय की भिंत रडतेय याचा वाद घालणारी माणसं त्यानं रोज पाहिलेली होती.

बायकोला मात्र उद्यापर्यंत धीर नव्हता. त्यामुळे मायक्रॉन तिथेच, गाडीत, व्हॅनला पाठ लावून, आपली चूक का नाही हे तिला चाळीस मिनिटं समजावत राहिला. कॅमेरा चालू होता. त्याला दुसरं काही काम नव्हतं, म्हणून त्यानं चाळीस मिनिटं व्हॅनचं तोंड साठवलं.

सोमवारी सकाळी मायक्रॉननं ते सगळं मधल्या पडद्यावर लावलं, धडकेच्या क्षणावर आणून ठेवलं आणि पुरावा दाखवायला प्लंबरला हाक मारली. प्लंबर व्हॅन घेऊन केव्हाच कामाला निघून गेला होता. तेवढ्यात लेक फाइल आणि पाण्याची बाटली घेऊन धावत आली. "बाबा, साडेनऊची वेळ आहे. चला." घाईत पडदा तसाच चालू राहिला.

पहिल्या वळणावर मायक्रॉननं मधल्या पडद्याकडे पाहिलं.

"तो मागे आहे."

"कोण?"

"प्लंबर. फुटक्या दिव्याची व्हॅन. गेला नव्हता तर. दबा धरून बसला होता."

लेकीनं पडद्यात पाहिलं. व्हॅन खरंच होती, आणि इतकी जवळ होती की नंबरप्लेटवरचा चिखल दिसत होता. तिनं सवयीनं मान मागे वळवली. मागे काळा कागद होता.

"बाजूच्या पडद्यांत दिसत नाहीये, बाबा."

"बरोबर आपल्या मागे आहे, म्हणून. अर्धा अंश जरी सरकला असता तरी दिसला असता."

मायक्रॉननं वेग वाढवला. व्हॅन तितकीच जवळ राहिली. त्यानं वेग कमी केला, तरी ती तितकीच जवळ. तो विनाकारण डावीकडे वळला, पुन्हा डावीकडे, पुन्हा डावीकडे, आणि एका शिंप्याच्या दुकानासमोरून दुसऱ्यांदा गेला तेव्हा शिंप्यानं त्याला हात केला. व्हॅन जागची ढळली नव्हती.

"एका दिव्यासाठी माणूस इतका पिसाळतो?" लेक म्हणाली.

"ते जाऊ दे. अंतर बघ," मायक्रॉन म्हणाला, आणि त्याच्या आवाजात आता भीतीपेक्षा आदर जास्त होता. "एकोणीस सेंटिमीटर. चढावर एकोणीस, उतारावर एकोणीस. हा माणूस नळ दुरुस्त करत का बसलाय?"

टेस्टच्या मैदानावर निरीक्षक उभेच होते. भारदस्त पोट, त्यावर कागद लावलेली पाटी, पाटीवर पेन. लेकीला पाहून ते म्हणाले, "तुम्ही परत," आणि गाडीला पाहून म्हणाले, "हिचे आरसे?"

मायक्रॉननं सतरा अंशांपासून सुरुवात केली. निरीक्षकांनी हात वर केला. "मागचं दिसतं ना? मग पुरे. मला फक्त ही मुलगी मागे बघते का ते बघायचंय. तुम्ही मागे बसा आणि तोंड उघडू नका."

प्लंबर गाठेल म्हणून दोघांपैकी कोणी खाली उतरलं नाही; मायक्रॉन सीटवरून मागे सरपटला आणि लेक आतूनच चाकामागे सरकली. निरीक्षक तिच्या शेजारी बसले.

"मागून कोणी येत असेल तर जाऊ द्या. मागे मोकळं झालं की गाडी काढा."

लेकीनं मधल्या पडद्यात पाहिलं. व्हॅन. ती थांबली. दोनदा ज्या चुकीसाठी घरी परत गेली होती ती चूक आज तिच्या हातून घडणार नव्हती. आकाश कोसळलं तरी मागे मोकळं झाल्याशिवाय ती हलणार नव्हती. तिला डोळ्यांसमोर फिरता दवाखाना दिसत होता, आणि त्याच्या खिडकीतून यादीतला पुढचा डॉक्टर हात हलवत होता.

पाच मिनिटं गेली. मागच्या उमेदवारांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली.

"काय झालं?" निरीक्षकांनी विचारलं.

"व्हॅन आहे, सर. जात नाहीये."

निरीक्षकांनी पडद्यात वाकून पाहिलं. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "मैदानात बाहेरची गाडी कोणी सोडली?" त्यांनी मान न वळवताच खिडकीतून तोंड बाहेर काढलं. "ए व्हॅनवाल्या, मागे घे." व्हॅननं लक्ष दिलं नाही.

"तो ऐकायचा नाही, साहेब," मायक्रॉन मागून म्हणाला. "घरापासून मागे लागलाय. आमचा एका दिव्यावरून थोडा वाद आहे."

"तुम्हाला बोलू नका म्हटलं होतं."

आणखी पाच मिनिटं गेली. लेकीचे हात चाकावर घट्ट, नजर पडद्यावर. शेवटी निरीक्षक चिडले, दार उघडून उतरले आणि गाडीला पुढून वळसा घालून मागे निघाले. ते उजव्या पडद्यात आले, ताडताड पावलं टाकत पडद्याच्या कडेला पोचले, दिसेनासे झाले, आणि मधल्या पडद्यात आलेच नाहीत.

लेकीनं वाट पाहिली. मायक्रॉननं मान पुढे काढली. पडद्यात नुसतं व्हॅनचं तोंड.

"बाबा," ती हळू आवाजात म्हणाली, "साहेब कुठे गेले?"

मायक्रॉननं मनातल्या मनात एकोणीस सेंटिमीटर आणि निरीक्षकांचं पोट यांची तुलना केली. उत्तर चांगलं आलं नाही.

"गाडी पुढे घेऊ का?"

"मुळीच नको. ते मध्ये असले तर व्हॅन आणखी पुढे येईल."

दोघं डाव्या-उजव्या पडद्यांकडे आळीपाळीनं बघत बसली. मग निरीक्षक डाव्या पडद्यात उगवले, सगळे अवयव जागच्या जागी असलेले, आणि डाव्या खिडकीतून आत डोकावले. त्यांचा चेहरा परीक्षा घेणाऱ्याचा राहिला नव्हता. परीक्षेला बसलेल्याचा झाला होता.

"मागे काही नाही," ते म्हणाले.

तिघांनी पडद्यात पाहिलं. व्हॅन होती.

निरीक्षक पुन्हा मागे गेले. यावेळी त्यांनी हवेत हात फिरवून पाहिला, एक पाय घासून पाहिला, आणि रांगेतल्या पहिल्या उमेदवाराला विचारलं की तुला इथे व्हॅन दिसते का. त्या उमेदवाराला वाटलं हा टेस्टचाच भाग आहे. तो सावधपणे म्हणाला, "तुम्ही म्हणत असाल तर दिसते, सर."

निरीक्षक परत येऊन बसले आणि पडद्याकडे बघत राहिले. त्याच वेळी रेकॉर्डिंगची चाळीस मिनिटं संपली आणि ते पहिल्यापासून सुरू झालं. पडद्यात आलं एक फाटक. मागे भिंत, भिंतीपाशी उभी पांढरी व्हॅन, दोन्ही दिवे शाबूत, आत कोणी नाही. पलीकडे जिना, जिन्यावर कप घेतलेला एक माणूस. मग ते सगळं हळूहळू मोठं होऊ लागलं. व्हॅन मोठी झाली, आणखी मोठी झाली, चित्र हादरलं आणि एक दिवा फुटला.

लेकीनं डोळे मिटून घेतले.

"बघितलंत, साहेब?" मायक्रॉन म्हणाला. तो इतका वेळ याच पुराव्याची वाट बघत होता. "व्हॅन पुढे आली."

"आली," निरीक्षक म्हणाले. "तिच्याबरोबर भिंत आली. फाटक आलं. जिना आला. जिन्यावरचा माणूस कपासकट आला. फक्त तुमची गाडी जागेवर होती."

मायक्रॉननं विचार केला. "गती ही सापेक्ष असते."

"हे कधीचं चित्र?"

"कालचं."

"आणि आज ही गाडी इथवर कोणी आणली?"

"मी."

"किती लांबून?"

खोटं बोलणं मायक्रॉनच्या स्वभावात नव्हतं, आणि अंदाजे बोलणं तर त्याहून नव्हतं. "चार किलोमीटर तीनशे मीटर. शिंप्याकडचा फेरा धरून पाच किलोमीटर शंभर."

"म्हणजे पाच किलोमीटर तुम्ही कालचा रस्ता बघत आजच्या रस्त्यावरून आलात."

"मागचा रस्ता, साहेब. पुढचा आजचाच बघत होतो."

निरीक्षकांनी पाटीवर बराच वेळ लिहिलं. मग लेकीला म्हणाले, "बाई, उतरा. आमच्या ऑफिसच्या गाडीत बसा. तिला आरसे आहेत."

टेस्ट अकरा मिनिटांत झाली. लेकीनं तीनही आरशांत इतक्या वेळा पाहिलं की निरीक्षकांनाच चक्कर आली. परत येऊन त्यांनी कागदावर शिक्का मारला. "एकोणीस वर्षं टेस्ट घेतोय. मागे कोणी आहे म्हणून इतका वेळ गाडी न हलवणारा माणूस पहिल्यांदा पाहिला. नसलेल्या गाडीसाठी जी थांबली, ती असलेलीसाठी थांबेलच."

लेकीला रडू आलं. शेवटी कॅमेऱ्यांनीच काम केलं ना, असं मायक्रॉन म्हणणार, तोच निरीक्षकांनी त्याच्यासमोर हात पसरला.

"तुमचं लायसन्स द्या."

"माझं? कशाला?"

"ठेवून घ्यायला. चार नंबरच्या खिडकीत शिकाऊ परवान्याचा फॉर्म मिळतो."

चार नंबरच्या खिडकीत चष्मा लावलेली एक कारकून बाई होती. तिनं फॉर्म दिला आणि पेनही दिलं. मायक्रॉननं आडनाव, वय, रक्तगट असं स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि 'वाहन चालवण्याचा अनुभव' या रकान्यात एकतीस वर्षं, चार महिने आणि नऊ दिवस असं भरलं. बाईंनी ते वाचलं, त्याच्यावर आडवी रेघ ओढली आणि फॉर्म परत सरकवला.

"नव्यानं अर्ज करताय. इथे शून्य लिहा."

लेक बाहेर गाडी सुरू करून उभी होती. उद्यापासून तिला रुजू व्हायचं होतं आणि तिनं दोनदा हॉर्न वाजवला होता. रांग खोळंबली होती. पण मायक्रॉनच्या हातातलं पेन काही कागदाला टेकेना. अखेर त्यानं खिडकीत वाकून, शक्य तितक्या खालच्या आवाजात विचारलं,

"नुसतं शून्य, की शून्य पॉइंट शून्य?"